डोक्याला मार आणि पुढची कुस्ती

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत यात्रेचा दिवस ठरल्यासारखा जातो. सकाळी घाटात बैलगाडे, ऊन उतरलं की कुस्त्यांचा आखाडा, रात्री तमाशा. नारायणगावला तमाशाची पंढरी म्हणतात, त्यामुळे शेवटच्या गोष्टीची वाण कधी पडत नाही. थापलिंगच्या खंडोबाला पौष पौर्णिमेला गाडे पळतात. ओतूरला कपर्दिकेश्वराच्या देवळात श्रावणी सोमवारी तांदळाच्या पिंडी बघायला रांगा लागतात आणि त्याच यात्रेत आखाडाही भरतो. देव, बैल आणि पैलवान इथे एकाच वर्गणीत नांदतात.

या भागातला गाडा राज्यातल्या इतर शर्यतींपेक्षा वेगळा. चार बैल, दोन धुरेला आणि दोन पुढे जुकाटाला. गाड्यावर माणूस नाही. पुढे घोडीवर एक स्वार. बैल घाट चढून निशाणापर्यंत जातात आणि ही धाव, म्हणजे बारी, सेकंदांवर मोजली जाते. बैल धरणारे, सोडणारे, घोडी पळवणारा आणि दोन्ही बाजूंना दाटलेली माणसं, सगळे त्या काही सेकंदांच्या वाटेत असतात. कोण पडतो, कुणाला धडक बसते. पडलेला उठून धोतर झटकतो आणि पुढच्या बारीला पुन्हा कासरा धरतो. बघणाऱ्यांना त्यात वावगं वाटत नाही, उलट कौतुकच वाटतं.

बैलाला होणाऱ्या इजेचा प्रश्न मात्र थेट दिल्लीपर्यंत गेला. 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी घातली. महाराष्ट्राने 2017 मध्ये कायदा बदलला, तरी उच्च न्यायालयाने गाडे थांबवलेच. 16 डिसेंबर 2021 ला परवानगी मिळाली आणि 18 मे 2023 ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. या सात-आठ वर्षांत गाडामालकांनी मोर्चे काढले, दावणीचे बैल नुसते बसवून सांभाळले. शर्यत परत आली ती अटी घेऊन. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, पशुवैद्यकाचा तंदुरुस्तीचा दाखला, बैलाला विश्रांती, काठी आणि विजेचा झटका वर्ज्य. दाखला नसेल, तर बैल घाटात उतरत नाही. ही व्यवस्था चांगलीच आहे. पण त्याच यात्रेत आखाड्यात डोकं आपटलेल्या पोराला पुन्हा लढायला कधी सोडायचं, याचा दाखला कुणीच मागत नाही.

आखाड्यातली पहिली कुस्ती रेवड्यांवर लागते. आठ-दहा वर्षांची पोरं हलगीच्या ठेक्यावर अंगाला माती लावून उतरतात. तालमीतली लाल माती तेल, ताक, हळद घालून मऊ ठेवलेली असते. यात्रेतला आखाडा बहुतेक वेळा नुसता नांगरलेला असतो. मान खाली दाबली जाते, कपाळावर कपाळ आदळतं, उचलून टाकताना डोक्याचा मागचा भाग आधी जमिनीला लागतो. चक्कर आलेलं पोर उभं राहतं, लोक टाळ्या वाजवतात, पंच पाणी मारायला सांगतात. रक्त आलं नाही म्हणजे काही झालं नाही, अशी सगळ्यांची समजूत असते.

डोक्याच्या आतला धक्का नेमका इथेच फसवतो. मेंदू कवटीत पाण्यासारख्या द्रवात असतो. जोराचा झटका बसला की तो आत हलतो आणि काही काळ त्याचं काम बिघडतं. सीटी स्कॅनमध्ये बऱ्याचदा काहीच दिसत नाही. बेशुद्ध पडणं हे लक्षण तर दहातल्या जेमतेम एका जणात आढळतं. बाकीच्यांना डोकेदुखी, गरगरणं, ओकारी, उजेडाचा त्रास, विसरणं, चिडचिड, झोप बिघडणं असं काहीबाही होतं, कधी काही तासांनी. तो मेंदू सावरण्याआधी दुसरा मार बसला तर क्वचित मेंदूला झपाट्याने सूज येते आणि जीव जातो. असे प्रकार मुख्यतः किशोरवयीन आणि तरुण खेळाडूंमध्ये नोंदले गेले आहेत, आणि रेवड्यांच्या कुस्तीपासून इनामाच्या कुस्तीपर्यंतचं वय हेच.

महाराष्ट्राने हा प्रश्न सर्वांत जवळून पाहिला तो क्रिकेटमध्ये. मार्च 1962 मध्ये बार्बाडोसविरुद्धच्या सामन्यात चार्ली ग्रिफिथचा चेंडू भारताचा कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टरच्या डोक्यावर बसला. वय 28, डोक्यावर काही नाही, कवटीला तडा. शस्त्रक्रियेसाठी रक्त लागलं तेव्हा वेस्ट इंडिजचे कर्णधार फ्रँक वॉरेल पुढे आले. आपल्यांपैकी पुण्याचे चंदू बोर्डे आणि बापू नाडकर्णी यांनी रक्त दिलं. कॉन्ट्रॅक्टर वाचले, डोक्यात धातूची पट्टी बसली आणि दोन वर्षांच्या आत ते प्रथम श्रेणीचं क्रिकेट पुन्हा खेळू लागले. कसोटीचा दरवाजा मात्र बंद झाला तो झालाच. ती पट्टी 2022 मध्ये, साठ वर्षांनी, मुंबईत काढली गेली. कॉन्ट्रॅक्टर तेव्हा 88 वर्षांचे होते.

जानेवारी 1981, सिडनी. मुंबईचा संदीप पाटील 65 धावांवर खेळत असताना लेन पॅस्कोचा उसळता चेंडू कानाजवळ लागला आणि तो खेळपट्टीवर कोसळला. हेल्मेट नव्हतं. रुग्णालय झालं, पण त्याच सामन्याच्या दुसऱ्या डावात तो पुन्हा फलंदाजीला आला. तीन आठवड्यांनी अॅडलेडला हेल्मेट घालून त्याने 174 धावा केल्या. ती खेळी मराठी घरांत आजही अभिमानाने सांगितली जाते, आणि सांगावी अशीच ती आहे. मात्र ती सांगताना सिडनीचा दुसरा डाव राहून जातो. अॅडलेडला धैर्य होतं. सिडनीला नशीब बलवत्तर होतं. दोन्हींना आपण एकाच टोपलीत टाकलं आणि पुढच्या कित्येक पोरांना तेच शिकवलं.

नियम फार उशिरा आले. 2019 च्या ऑगस्टपासून आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये डोक्याला मार लागलेल्याच्या जागी बदली खेळाडू घेता येऊ लागला. त्यामुळे खेळाडूवरचं एक मोठं ओझं उतरलं, कारण तो बाहेर बसला तरी संघ दहावर येत नाही. पुण्याने हा नियम आपल्याच जिल्ह्यात, गहुंज्याच्या मैदानावर पाहिला. 31 जानेवारी 2025 ला इंग्लंडविरुद्ध 53 धावा केलेल्या शिवम दुबेच्या हेल्मेटवर शेवटच्या षटकात चेंडू आदळला. त्याच्या जागी आलेल्या हर्षित राणाने तीन बळी घेतले आणि भारताने सामना जिंकला. मग दोन दिवस वाद रंगला, तो राणा दुबेसारखाच खेळाडू आहे का यावर. दुबेच्या डोक्याचं काय, हे कुणी फारसं विचारलं नाही. 2 फेब्रुवारीला वानखेडेवर तो खेळला, 30 धावा केल्या, दोन बळीही घेतले. त्याच वर्षी पुढे नियम बदलला: मेंदूला धक्का बसल्याचं निदान झालं तर किमान सात दिवस मैदानाबाहेर. सात दिवसांच्या आत कर्णधार, प्रशिक्षक किंवा खुद्द खेळाडू काहीही म्हणाला तरी चालत नाही.

इथे तालमीच्या परंपरेला एक गोष्ट आयती मिळालेली आहे, ती म्हणजे वस्ताद. कुणाची जोड कुणाशी लावायची, कोणाला यंदा उतरवायचं नाही, हे तोच ठरवतो आणि त्याचा शब्द पैलवानाचा बापही मोडत नाही. एवढा अधिकार क्रिकेटच्या डॉक्टरलाही मिळायला 2025 उजाडलं. मग डोकं आपटलेल्या पोराला आखाड्याबाहेर बसवायला नवा माणूस नेमायची गरज नाही. वस्तादाने आणि यात्रा कमिटीने काय बघायचं एवढं ठरवायचं आहे.

ते आता बऱ्यापैकी ठरलेलं आहे. 2022 मध्ये अॅमस्टरडॅमला जगभरच्या तज्ज्ञांनी जे मान्य केलं त्याचा सारांश तालमीच्या भाषेत असा होतो. मार लागला की त्या दिवशी पुन्हा लढत नाही, कितीही बरं वाटलं तरी. पहिले 24 ते 48 तास विसावा. मात्र अंधाऱ्या खोलीत नुसतं निजून राहायचं नाही, हलकी हालचाल चालते. मग चालणं, मग हलकं धावणं आणि जोर-बैठका, मग जोडीदाराशिवाय डाव घटवणं, मग डॉक्टरांनी तपासल्यावर सरावाची लढत, आणि शेवटी आखाडा. लढतीपर्यंतच्या पायऱ्यांना प्रत्येकी निदान एक दिवस, आणि डोकं पुन्हा दुखू लागलं तर थांबून मागची पायरी. मोठी माणसं बहुधा दहा-चौदा दिवसांत ठीक होतात, मुलांना महिनाही लागतो. त्यांना आधी वर्गात पूर्ण वेळ बसून अभ्यास करता यायला हवा, त्यानंतरच लंगोट बांधायचा. सतत ओकारी, वाढत जाणारी डोकेदुखी, एका बाजूचा अशक्तपणा, झटके किंवा जागं करता न येणं यातलं काही दिसलं तर पायऱ्यांचा प्रश्नच नाही, तडक रुग्णालय.