ज्वारी, ल्युसीन आणि पेलाग्रा: एका सिद्धांताची कुळकथा

सोलापूर जिल्ह्याच्या काळ्या, भारी जमिनीत पावसाळ्याच्या अखेरीस पेरली जाणारी आणि मुरलेल्या ओलीवरच पोसणारी रब्बी ज्वारी हे दख्खनच्या कष्टकरी माणसाचे पिढ्यान्‌पिढ्यांचे मुख्य अन्न आहे. मोहोळ येथे स्थानिक वाणातून निवड करून सिद्ध झालेली ‘मालदांडी 35-1’ आणि भौगोलिक मानांकन लाभलेली मंगळवेढ्याची ज्वारी यांमुळे या धान्याची कीर्ती सर्वदूर पोहोचली; परंतु याच ज्वारीच्या पट्ट्यातील एका रोगाने अमिनो आम्लांच्या, म्हणजे प्रथिने ज्या घटकांची बनलेली असतात त्या रेणूंच्या, चयापचयाविषयी एक नवा सिद्धांत जन्माला घातला, हे फारसे परिचित नाही.

तो रोग म्हणजे पेलाग्रा. उन्हात उघड्या राहणाऱ्या मानेवर व हातापायांवर काळपट, खरखरीत चट्टे, अतिसार आणि पुढे बुद्धिभ्रम ही त्याची लक्षणे असून, स्पेनमध्ये गास्पार कासाल यांनी 1735 मध्ये मका खाणाऱ्या गरीब शेतकऱ्यांत तो ओळखला. कॉनराड एल्व्हेहेम यांनी 1937 मध्ये कुत्र्यांमधील ‘काळी जीभ’ हा समान विकार निकोटिनिक आम्लाने, म्हणजे नायसिन या जीवनसत्त्वाने, बरा करून दाखवला. पुढे ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून शरीर स्वतःच नायसिन तयार करू शकते आणि सुमारे 60 मिलिग्रॅम ट्रिप्टोफॅनपासून 1 मिलिग्रॅम नायसिन मिळते, हे स्पष्ट झाले. मक्यात ट्रिप्टोफॅन अत्यल्प आणि नायसिन बद्ध स्वरूपात असल्याने मकाभक्षकांच्या पेलाग्र्याचा उलगडा झाला.

ज्वारीबाबत मात्र हे गणित जुळेना, कारण तिच्या प्रथिनात ट्रिप्टोफॅन मक्याइतके कमी नसते, आणि तरीही हैदराबादच्या रुग्णालयांत येणारे पेलाग्र्याचे रुग्ण प्रामुख्याने ज्वारीवर जगणारे होते. कुन्नूरहून 1958 मध्ये हैदराबादला आलेल्या आणि पुढे राष्ट्रीय पोषण संस्था झालेल्या प्रयोगशाळेत सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी मका व ज्वारी यांत समान काय आहे, असा प्रश्न उलटा मांडला. दोन्ही धान्यांत ल्युसीन हे अमिनो आम्ल विपुल असते. तांदळाच्या 100 ग्रॅम प्रथिनात ते 8 ग्रॅमच्या आसपास, तर ज्वारीच्या तेवढ्याच प्रथिनात अनेकदा 13 ग्रॅमपर्यंत आढळते. ल्युसीनचा हा अतिरेक ट्रिप्टोफॅन व नायसिन यांच्या चयापचयात अडथळा आणतो, असे प्रतिपादन त्यांनी 1960 मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात केले.

पुढील दशकात सिद्धांताची बांधणी टप्प्याटप्प्याने झाली. ल्युसीनमुळे तांबड्या रक्तपेशींत नायसिनपासून न्यूक्लिओटाइडे, म्हणजे पेशींतील ऊर्जानिर्मितीस आवश्यक रेणू, बनण्याची क्रिया मंदावते, असे दिसले; कुत्र्याच्या पिल्लांत ल्युसीनच्या अतिरेकाने ‘काळी जीभ’ उद्‌भवली; आणि आयसोल्युसीन हे जवळचे अमिनो आम्ल दिल्यास दुष्परिणाम कमी होतात, असेही अनुभवास आले. यातूनच 100 ग्रॅम प्रथिनात 11 ग्रॅमपेक्षा कमी ल्युसीन असलेले ज्वारीचे वाण निवडावेत, अशी शिफारस पुढे आली. अन्य देशांतील काही प्रयोगशाळांना मात्र प्राण्यांवरील प्रयोगांत तेच परिणाम मिळाले नाहीत, आणि हैदराबादच्याच पुढील संशोधनाने ब-6 जीवनसत्त्वाचा वाटा दाखवून दिला. त्यामुळे ल्युसीन हे एकमेव कारण न राहता अनेक कारणांपैकी एक ठरले.

तरीही या सिद्धांताचे मोल कमी होत नाही, कारण अन्नातील घटक केवळ कमी पडल्याने नव्हे, तर त्यांचे परस्पर प्रमाण बिघडल्यानेही रोग उद्‌भवू शकतो, हा विचार त्याने पोषणशास्त्रात रुजवला. सोलापुरी जेवणाकडे त्या दृष्टीने पाहिले असता त्याची रचना स्पष्ट होते. ज्वारीच्या 100 ग्रॅम प्रथिनात लायसीन हे आवश्यक अमिनो आम्ल जेमतेम 2 ग्रॅम असते, तर तुरीच्या तेवढ्याच प्रथिनात ते सुमारे 7 ग्रॅम असते. शेंगदाणा नायसिनचा उत्तम स्रोत आहे आणि दूध-ताकातून ट्रिप्टोफॅन मिळते. म्हणून कडक भाकरी, शेंगाचटणी, आमटी आणि ताक हे जेवण परस्परपूरक आहे, आणि ज्वारीच्या पट्ट्यात पेलाग्रा फोफावला तो केवळ भाकरीमुळे नव्हे, तर गरिबीने तिच्या जोडीचे हे पदार्थ हिरावून घेतल्यामुळेही.