सायकलीमागच्या तंबूचे मूळ पाण्यात

सायकलीला तंबू बांधून एकट्याने शेकडो मैल जायचे, संध्याकाळी एखाद्या सरोवराच्या काठी मुक्काम टाकायचा आणि सकाळी बाडबिस्तरा आवरून पुढची वाट धरायची, या प्रवासाचे सगळे श्रेय आपण सायकलीला देऊन मोकळे होतो. त्याला आधार नाही असे नाही. १८८५ साली इंग्लंडमध्ये जॉन केम्प स्टार्लीची ‘रोव्हर’ आली आणि उंच चाकावर तोल सांभाळण्याची कसरत संपली. १८८८ साली डनलॉपने हवेचा टायर आणला आणि खडबडीत रस्त्यावर हाडे खिळखिळी होणे थांबले. पण यंत्राने सोडवला तो दिवसाचा प्रश्न. रात्री राहायचे कुठे आणि शिजवायचे कशावर, याचे उत्तर सायकलीच्या कारखान्यात तयार झाले नाही. ते आधी होडीत सापडले आणि मग शिंप्याच्या हाताखालून गेले.

१८६५ साली जॉन मॅकग्रेगर हा स्कॉटिश वकील ‘रॉब रॉय’ नावाची एकट्यापुरती छोटी होडी घेऊन युरोपातल्या नद्या आणि सरोवरे फिरला. पुढच्याच वर्षी त्याचे प्रवासवर्णन छापून आले आणि अशा होड्यांचे वेड इंग्लंडभर पसरले. मॅकग्रेगर बहुतेक रात्री काठच्या खानावळींत काढत असे. पण स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात, जिथे सरोवरे लांबच लांब आणि वस्ती विरळ, तिथे खानावळीच्या भरवशावर राहून चालणार नव्हते. टॉमस हायरम होल्डिंग याने १८७७ आणि १८७८ साली याच भागात होडीतून फिरून काठावर तंबू ठोकले. काठावर पाणी हाताशी होते. अडचण होती ती ओझ्याची. एवढ्याशा होडीत जागा बेताची असते, त्यामुळे प्रत्येक वस्तू घ्यावी की टाकावी याचा हिशेब करणे भागच होते. सायकलीवरच्या मुक्कामाचे मूळ शास्त्र ते हेच.

होल्डिंग व्यवसायाने लंडनचा शिंपी होता, आणि हा योगायोग फार मोलाचा ठरला. कापडाचे वजन, विणीचा घट्टपणा आणि शिवणीची मजबुती त्याला धंद्यामुळेच ठाऊक होती. पुढे त्याने होडीऐवजी सायकल घेतली. आयर्लंडच्या पश्चिमेला सरोवरे आणि डोंगर यांनी भरलेल्या कॉनमारा भागात त्याने सोबत्यांसह सायकलींवरून फिरून मुक्काम केले. त्यावरचे पुस्तक १८९८ साली निघाले. १९०१ साली सायकलवरून फिरून तंबूत राहणाऱ्यांची संघटना त्याच्याच पुढाकाराने उभी राहिली आणि १९०८ साली त्याने या विषयाची सविस्तर मार्गदर्शिका लिहिली. शिजवण्याचा प्रश्नही याच सुमारास सुटला. आपल्या घराघरांत पुढे रॉकेलवर भरभरत राहिला तो प्रायमस स्टोव्ह १८९२ साली स्वीडनमध्ये जन्मला होता, आणि त्याची छोटी आवृत्ती सायकलीच्या पिशवीत मावत होती.

यावर कोणी म्हणेल, तंबू तर फार जुने. सैन्याचे होते, शिकाऱ्यांचे होते, आपल्याकडे जिल्ह्याच्या दौऱ्यावर निघणाऱ्या कलेक्टरांचेही होते. खरे आहे, पण ते तंबू वाहायला बैलगाड्या लागत आणि उभारायला खलाशी. तंबू असणे आणि आपला तंबू आपणच वाहून नेणे यांत मोठे अंतर आहे, आणि इथे प्रश्न त्या अंतराचाच आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. टॉमस स्टीव्हन्सने १८८४ साली उंच चाकाच्या सायकलीवरून एकट्याने अमेरिका पार केली आणि १८८६ अखेर जपान गाठून जगाची फेरी पुरी केली. त्याला होल्डिंगची गरज कुठे पडली? त्याचा रेनकोटच त्याचा तंबू आणि अंथरूण होता. मात्र त्याच्या कितीतरी रात्री लोकांच्या घरी, सरायांत आणि खानावळींत गेल्या. त्याचे धाडस अलौकिक होते, म्हणूनच ते इतरांना अनुकरण करण्याजोगे नव्हते. होल्डिंगची रीत साध्या माणसाला जमणारी होती, आणि प्रथा अशाच रीतीतून पडते.

राहता राहिला प्रश्न एकटेपणाचा. कॉनमाराची सफर सोबत्यांची होती, मग एकट्या प्रवाशाचे श्रेय तिला कसे द्यायचे? उत्तर सामानात आहे. माणसे चार असली तरी बिऱ्हाड सायकलीला पेलेल इतके हलके झाले, की सोबत असणे ही गरज उरत नाही, ती आवड होते. शिवाय तंबू कसा शिवावा, काय न्यावे, काय टाळावे, हे ज्ञान संघटनेने वाटून घेतले, तपासले आणि पुढच्यांना दिले. आज जपानच्या बिवा सरोवराला सुमारे २०० किलोमीटरचा वळसा घालून काठावर एकटाच झोपणारा सायकलस्वार याच सामूहिक शिकवणीवर चालतो. म्हणून सायकल-भ्रमणाच्या इतिहासात स्टार्ली आणि डनलॉप यांच्या पंक्तीला लंडनच्या या शिंप्याला बसवलेच पाहिजे.