नंदुरबारचं १९४२ आणि समुद्रावरचं १९४२

नंदुरबारच्या माणसाचा आणि समुद्राचा संबंध काय? आमच्याकडे तापी आहे, सातपुडा आहे, मिरचीच्या पथाऱ्या आहेत. समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तो इंजिनिअरिंगला मुंबईला गेल्यावर. त्यामुळे या वीकेंडला मी नौदलावर लिहितोय म्हटल्यावर घरचे हसले. असो.

आमच्यासाठी १९४२ म्हणजे एकच तारीख. ९ सप्टेंबर. हातात तिरंगा घेतलेला पंधरा वर्षांचा शिरीषकुमार मेहता आणि त्याच्यासोबत गोळीबारात गेलेली आणखी चार मुलं. शाळेत हे इतक्यांदा ऐकलं की त्या वर्षी जगात दुसरंही काही घडलं असेल असा विचारच कधी आला नाही.

घडलं होतं. साधारण दोन महिन्यांनी, ११ नोव्हेंबर १९४२ ला, हिंदी महासागरात कोकोस बेटांच्या नैर्ऋत्येला. 'एचएमआयएस बेंगाल' हे सिडनीत बांधलेलं, रॉयल इंडियन नेव्हीचं नवं कोरं जहाज. वजन साधारण ६५० टन. 'ओंदिना' नावाच्या डच टँकरला सोबत करत ते ऑस्ट्रेलियातल्या फ्रीमँटलहून दिएगो गार्सियाकडे निघालं होतं. वाटेत समोर आल्या 'होकोकू मारू' आणि 'आयकोकू मारू', दोन जपानी सशस्त्र नौका, प्रत्येकी दहा हजार टनांच्या वर. बेंगालवर मोठी म्हणावी अशी एकच तोफ, तीही बारा पौंडी. ओंदिनावर एक चार इंची तोफ आणि जेमतेम ३२ गोळे.

पळून जाणं शहाणपणाचं होतं. बेंगालने टँकरला निसटायला सांगितलं आणि स्वतः शत्रूच्या अंगावर गेली! थोड्या वेळात होकोकू मारूला आग लागली, स्फोट झाले आणि ती बुडाली. नेमका गोळा कुणाचा लागला, बेंगालचा की ओंदिनाचा, यावर वाद आहे. दारूगोळा संपत आला तेव्हा बेंगाल धुराच्या पडद्याआड मागे फिरली. ओंदिना बुडाली असंच तिच्यावरच्या लोकांना वाटलं. प्रत्यक्षात ओंदिनाचा कप्तान मारला गेला होता, पण उरलेले लोक होड्यांतून परत जहाजावर चढले, आग विझवली आणि फ्रीमँटल गाठलं. बेंगालवरचा एकही माणूस दगावला नाही.

हे वाचून छाती फुगली आणि लगेच अडखळलोही. ज्या सरकारच्या पोलिसांनी नंदुरबारमध्ये गोळ्या घातल्या, त्याच सरकारचं निशाण त्या जहाजावर फडकत होतं. मग हे खलाशी आपले की त्यांचे?

याचं उत्तर खलाशांनीच तीन-साडेतीन वर्षांनी दिलं. १८ फेब्रुवारी १९४६ ला मुंबईत 'तलवार' या नाविक तळावर त्यांनी संप केला. निकृष्ट जेवण, गोऱ्या अधिकाऱ्यांच्या शिव्या, ही तात्कालिक कारणं. पण भिंतींवर 'चले जाव' आधीच रंगवलं गेलं होतं. युद्धकाळात नौदलात नोकरी केलेल्या बलाई चंद्र दत्त यांना त्यासाठी अटकही झाली होती. बघता बघता ७८ जहाजं आणि सुमारे २० हजार नाविक बंडात उतरले. २३ तारखेला, नेत्यांच्या सल्ल्यावरून, त्यांनी शरणागती पत्करली. शेकडो जणांची नोकरी गेली. मुंबईच्या रस्त्यांवर दोनशेच्या वर सामान्य माणसं गोळीबारात मेली.

दत्तांनी पुढे १९७१ मध्ये इंग्रजीत आठवणी लिहिल्या. पण बाकीच्यांचं काय? मी शोधायला बसलो तर जहाजांची वजनं, तोफांची मापं भराभर सापडली. त्या एकुलत्या तोफेमागे उभ्या असलेल्या पोरांना काय वाटलं, हे मात्र हाती लागेना. डेटा आहे, माणूस नाही.

रविवारी आजोबांना फोन करून सगळी गोष्ट सांगितली. ९ सप्टेंबरला ते सात वर्षांचे होते, घराचं दार घट्ट लावून घेतलेलं त्यांना आठवतं. मी विचारलं, "आजोबा, मग ते खलाशी आपले म्हणायचे का?"

ते म्हणाले, "पगार कुणाचा का असेना, पोरं आपलीच. त्यांच्या आयांनीही दार लावून वाटच पाहिली असेल ना?"

पुढच्या वेळी घरी जाईन तेव्हा रेकॉर्डर घेऊन जाणार आहे. निदान त्या बंद दाराआडची आठवण तरी राहायला हवी. तुमच्याही घरात कुणी असेल, तर या रविवारी विचाराच.