श्वानाचा वाटा फोडणीआधीच काढावा

छत्रपती संभाजीनगरच्या अनेक घरांत पाळीव श्वानाला घरच्या स्वयंपाकातीलच अन्न दिले जाते. जाधववाडीच्या बाजारातून आलेल्या ताज्या भाज्या त्याच्या भातात घालणे हितकारक ठरू शकते. मात्र, माणसाला मानवणारी प्रत्येक भाजी श्वानाला मानवतेच असे नाही.

श्वान हा प्रामुख्याने मांसाहारी वंशातील प्राणी असला, तरी माणसाच्या सहवासात त्याची पचनशक्ती बदलली आहे. पिष्टमय पदार्थ पचविणाऱ्या जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा श्वानात कितीतरी अधिक असतात, हे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसून आले. त्यामुळे शिजवलेला भात वा रताळे त्याला पचते. कच्च्या भाजीतील तंतू मात्र पचत नाहीत. म्हणून भाजी बारीक चिरून, मऊ उकडून व कुस्करून द्यावी.

गाजर, दुधी भोपळा, लाल भोपळा, श्रावणघेवडा, मटार व रताळे या भाज्या सामान्यतः सुरक्षित आहेत. दुधीची फोड आधी स्वतः चाखून पाहावी. कडू दुधी विषारी असल्याने टाकून द्यावा. काकडीलाही हीच कसोटी लावावी. पालक व बीट यांत ऑक्झलेट असल्याने मूतखड्याचा त्रास असलेल्या श्वानाला ते देऊ नयेत. हिरवट वा कोंब आलेला बटाटाही वर्ज्य समजावा.

खरा धोका कांदा व लसूण यांचा आहे. त्यांतील गंधकयुक्त द्रव्ये श्वानाच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात. शिजवल्याने, तळल्याने वा वाळवल्यानेही हा दोष जात नाही. शरीराच्या वजनाच्या सुमारे अर्धा टक्का कांदा घातक ठरू शकतो. म्हणजे २० किलोच्या श्वानाला सुमारे १०० ग्रॅम, एखादा मध्यम कांदा. लसूण त्याहून तीव्र असतो. थोडे थोडे रोज दिल्यानेही अपाय साचत जातो. नान-खलियाचा उरलेला रस्सा किंवा कांदा-लसूण मसाल्याची आमटी म्हणूनच श्वानाच्या ताटात जाता कामा नये. चिंच, द्राक्षे व मनुकाही टाळाव्यात. द्राक्षांमुळे मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात आणि त्यास कारणीभूत मानले जाणारे टार्टरिक आम्ल चिंचेतही विपुल असते.

उपाय सोपा आहे. भाजी उकडल्यावर, मीठ, तिखट व फोडणी घालण्यापूर्वीच श्वानाचा वाटा बाजूला काढावा. नवी भाजी एका वेळी एकच, चमचाभर द्यावी आणि दोन-तीन दिवस शौचावर लक्ष ठेवावे.

भाजी ही पूरक आहे, पूर्णान्न नव्हे. केवळ भात, मांस व भाजी यांतून पुरेसे कॅल्शियम मिळत नाही; वाढत्या पिल्लांची हाडे त्यामुळे वाकतात. कायम घरचेच अन्न द्यायचे असल्यास पशुवैद्यकाकडून त्याचे प्रमाण ठरवून घ्यावे.

कांदा पोटात गेल्यास लक्षणे अनेकदा काही दिवसांनी दिसतात. हिरड्या फिकट होणे, लघवी तांबूस होणे, थकवा व धाप ही त्याची चिन्हे होत. ती दिसेपर्यंत न थांबता आणि घरगुती उपायांनी उलटी न करविता, किती व केव्हा खाल्ले हे सांगून श्वानाला तत्काळ पशुवैद्यकाकडे न्यावे.