सुट्या भागांची गाडी

आमच्या वडिलांचे तालुक्याच्या गावी सायकलदुरुस्तीचे दुकान होते. दुकान कसले, एस. टी. स्टँडच्या भिंतीला टेकलेली पत्र्याची शेड ती. शाळा सुटल्यावर मी तिथे जाऊन उभा राही आणि वडील मान वर न करता म्हणत, "हात काळे करू नकोस. जा, अभ्यासाला बस." ते हे मायेनेच म्हणत, याविषयी मला तेव्हाही शंका नव्हती. मी अभ्यासाला बसलो, मॅट्रिक झालो, मास्तर झालो, चार कादंबऱ्याही लिहिल्या. साधे पंक्चर मात्र मला आजही काढता येत नाही.

वडील जाऊन नऊ वर्षे झाली. त्यांची पान्यांची पेटी माळ्यावर होती. गेल्या उन्हाळ्यात माझ्या चौदा वर्षांच्या मुलाने ती खाली उतरवली आणि विचारले, "बाबा, आजोबांची सायकल उघडू या का?" माझ्या तोंडून वडिलांचेच वाक्य जसेच्या तसे बाहेर पडले. पोराने पेटी निमूटपणे मिटली. त्या रात्री मला झोप आली नाही, आणि फार दूरच्या एका बापलेकांची हकीकत आठवत राहिली. ती न्यूझीलंडमधली आहे. मोटारशर्यतींच्या इतिहासात ती दोन ओळींत आटोपलेली असते. मला मात्र ती सविस्तर सांगावीशी वाटते.

ज्या गाडीची ही गोष्ट, तिच्या जन्मापासूनच सुरुवात करू. १९२१ साली इंग्लंडमधील लाँगब्रिजचा ऑस्टिन कारखाना कर्जात बुडाला होता. मालक हर्बर्ट ऑस्टिन यांच्या मनात सामान्य माणसाला परवडेल अशी इवलीशी मोटार काढायचे होते. पण संचालकांना ती कल्पना मुळीच रुचली नाही. तेव्हा या हट्टी गृहस्थाने काय करावे? कारखान्यातला स्टॅन्ली एज नावाचा अठरा वर्षांचा नकाशे काढणारा पोरगा हाताशी धरला, त्याला आपल्या घरी नेले, आणि बिलियर्ड्सच्या खोलीत दोघांनी मिळून त्या मोटारीचे आराखडे काढले. ऑस्टिन यांचा एकुलता एक मुलगा १९१५ साली फ्रान्समध्ये युद्धात मारला गेला होता. त्या खोलीत म्हाताऱ्याच्या मनात काय चालले असेल, हे कोणत्याही दप्तरात लिहिलेले नाही. कादंबरीकाराला तिथे बरेच काही रचता येईल. पण हा इतिहासाचा लेख आहे, तेव्हा हात आवरतो.

१९२२ साली 'ऑस्टिन सेव्हन' बाजारात आली. किंमत १६५ पौंड. पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर अवघे सव्वासहा फूट. इंजिन चार सिलिंडरांचे, लवकरच ७४७ घनसेंटिमीटरचे झालेले. दोन माणसांनी उचलून बाकावर ठेवावे एवढेच. तिच्यात लपवलेले असे काही नव्हते. ब्रेक तारांनी ओढले जात, चासी इंग्रजी 'ए' अक्षरासारखी, पुढे एक आडवा पाटा. ज्याच्यापाशी चार पाने आणि थोडी चिकाटी आहे त्याने ती उघडावी आणि पुन्हा जोडावी. जर्मनीत बी. एम. डब्ल्यू.ने मोटारींच्या धंद्यात पाऊल टाकले ते हीच गाडी परवान्याने बांधून. पुढे 'लोटस' गाड्यांनी नाव कमावणाऱ्या कॉलिन चॅपमननेही आपली पहिली गाडी जुन्या ऑस्टिन सेव्हनवरच उभी केली. एका पिढीची ही जणू शाळाच होती, आणि या शाळेत हात काळे केल्यावाचून कोणी पास होत नसे.

१९२९ साली उत्तर आयर्लंडमधील अल्स्टरच्या शर्यतीत या चिमुकल्या गाडीने मोठमोठ्यांना मागे टाकून तिसरा क्रमांक मिळवला. त्यावरून तिच्या शर्यतीच्या नमुन्याला 'अल्स्टर' हे नाव पडले. अशीच एक 'अल्स्टर' वाऱ्यावर भरकटलेल्या बीसारखी पृथ्वीच्या पार दुसऱ्या टोकाला, ऑकलंड शहरात जाऊन पोचली होती.

ऑकलंडच्या रेम्युएरा भागात लेस मॅक्लॅरेन यांचा पेट्रोलपंप आणि दुरुस्तीचा कारखाना होता. तरुणपणी ते मोटारसायकलच्या शर्यतींत भाग घेत. दुखापतींमुळे तो नाद त्यांना सोडावा लागला. ३० ऑगस्ट १९३७ रोजी त्यांना मुलगा झाला, त्याचे नाव ब्रूस. पोरगा कारखान्यातच रांगला, वाढला. पण नवव्या वर्षी त्याला खुब्याचा पर्थीझ नावाचा विकार जडला. या विकारात मांडीच्या हाडाच्या गोलकाला रक्त पुरेसे पोचत नाही आणि ते हाड खचू लागते. टाकापुना येथील अपंग मुलांच्या संस्थेत त्याला ठेवले. दोन वर्षे पायाला ताण देऊन तो बिछान्यावर जखडलेला होता. सुटून आला तेव्हा डावा पाय उजव्यापेक्षा आखूड राहिला होता. थोडेसे लंगडणे त्याला पुढेही पुरले.

अशा घरात ती 'अल्स्टर' आली. अखंड नव्हे, सुट्या भागांच्या स्वरूपात. ती कशासाठी घेतली, याविषयी दोन हकीकती आहेत. कोणी म्हणतात, लेस यांना स्वतः तिच्यावर शर्यती करायच्या होत्या. कोणी म्हणतात, जुळवून नफ्याने विकायची होती. मला वाटते दोन्ही खरे असावे. संसारी माणसाच्या मनात हौस आणि हिशेब एकाच वेळी नांदत असतात. दोन्ही हकीकतींचा शेवट मात्र एकच आहे: गाडी विकली गेली नाही, आणि तिच्यात बाप बसला नाही. मुलाने हट्ट धरला, बापाने तो मानला.

महिनोन्महिने दोघे तिच्यामागे होते. काम काय, हे ज्यांनी इंजिन उघडे पाहिले आहे त्यांना सांगायला नको. व्हॉल्व्ह घासून बसवायचे, बेअरिंग तपासायची, ब्रेकच्या तारा सारख्या ताणायच्या. एक तार सैल राहिली तर गाडी एका अंगाला ओढते. आणि ऑस्टिन सेव्हनचा क्लच तर जगप्रसिद्ध खोडकर. पेडल कसेबसे बोटभर हलते आणि तेवढ्यात गाडी एक तर उसळी घेते, नाही तर बंद पडते. क्लच डाव्या पायाने दाबायचा असतो. मुलाचा डावाच पाय अधू होता. हे लेस यांच्या ध्यानात आले नसेल असे कसे म्हणावे? कुठल्याही बापाच्या ध्यानात तेच आधी येईल. तरीही त्यांनी त्याला त्या आसनावर बसू दिले. या हकीकतीतली सर्वांत मोठी गोष्ट मला हीच वाटते.

घरामागच्या झाडांभोवती इंग्रजी आठच्या आकड्यासारख्या घिरट्या घालून पोराने सराव केला, असे सांगतात. १९५२ साली, वयाच्या चौदाव्या-पंधराव्या वर्षी, मुरीवाई या काळ्या वाळूच्या किनाऱ्यावरील टेकडीच्या चढाच्या शर्यतीत तो उतरला आणि आपल्या गटात पहिला आला.

पुढचे सारे नोंदींत आहे. १९५८ साली न्यूझीलंडच्या संघटनेने त्याला युरोपात धाडले. १२ डिसेंबर १९५९ रोजी अमेरिकेत सेब्रिंग येथे, पुढे असलेल्या जॅक ब्रॅबमचे पेट्रोल शेवटच्या फेरीत संपले आणि बावीस वर्षांचा ब्रूस जिंकला. इतक्या लहान वयात ग्राँ प्री कोणी जिंकली नव्हती. हा विक्रम २००३ पर्यंत टिकला. १९६३ मध्ये त्याने स्वतःची संस्था काढली, आणि १९६८ साली बेल्जियममध्ये आपल्याच नावाच्या गाडीत बसून विजय मिळवला. बापाच्या कारखान्यातला धडा तो विसरला नव्हता: ज्या गाडीत बसायचे तिचा नट न् नट ठाऊक हवा.

आणि २ जून १९७० रोजी, इंग्लंडमध्ये गुडवुड येथे नव्या गाडीची चाचणी घेत असताना भर वेगात मागचे आवरण सुटले, गाडी आवरेना, आणि ब्रूस मॅक्लॅरेन जागच्या जागी गेला. वय बत्तीस.

हे मी मुद्दाम लपवले नाही. वाचक विचारतील, मग त्या बापाने पोराला अडवले असते तर बरे नव्हते का? मी रात्रभर तोच प्रश्न उलटासुलटा केला. माझ्या वडिलांनी मला अडवले. मी सुखरूप आहे. पण मला त्यांचे हात कधी नीट पाहता आले नाहीत. त्यांना काय काय येत होते, हे मला ठाऊक नाही. ते सारे ज्ञान त्यांच्याबरोबर गेले आणि माझ्याकडे पेटी तेवढी उरली. लेस मॅक्लॅरेन यांनी जे दिले त्यात धोका होता. पण दोन वर्षे बिछान्यावर काढलेल्या मुलाला त्यांनी त्याचे शरीर परत दिले, असे मला वाटते. याची बेरीज-वजाबाकी कशी करायची, ते मला कळत नाही.

ती 'अल्स्टर' पुढे इंग्लंडमधील वोकिंगच्या मॅक्लॅरेन कारखान्यात जपून ठेवली गेली. तिच्यात कोणता नट बापाने आवळला आणि कोणता लेकाने, हे आता कोणी सांगू शकणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मीच पेटी अंगणात आणली. हा लेख लिहीपर्यंत वडिलांची सायकल सुटी होऊन गोणपाटावर पडली आहे. मागच्या चाकाचे छर्रे वाटीत डिझेलमध्ये भिजत आहेत. अठरा हवेत, सतराच भरतात. चिरंजीव म्हणतात, एक हरवला. मी म्हणतो, मोजणी चुकली. आज संध्याकाळी पुन्हा मोजणार आहोत.