एका अंगाला कललेलं घर



उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर कुणीतरी विचारतंच, 'जुनं मोटरहोम विकत घ्यावं का? यलोस्टोनला जायचा विचार आहे.' सोबत फोटो असतात. सोफा, छोटा ओटा, मुलांना आवडतील असे वरचे बिछाने. तुम्ही मात्र गाडीचा मागून काढलेला फोटो मागवा आणि बंपर बघा. एक टोक दुसऱ्यापेक्षा दोन इंच खाली असेल, तर विकणारा हसून सांगेल, 'जुन्या गाड्या थोड्या कलतातच.' कलतात हे खरं, पण त्यामागे कारण असतं. आणि कारण काय असेल, हे बऱ्याचदा ती गाडी कोणत्या काळातली आहे यावरून कळतं. म्हणून आज थोडा इतिहास.

महाराष्ट्रात वाढलेल्यांना 'पाटा तुटला' हे शब्द नवीन नाहीत. घाटात एसटी थांबायची, कंडक्टर खाली उतरून वाकून बघायचा आणि सगळ्यांना पुढच्या गाडीची वाट बघायला सांगायचा. पाटा म्हणजे लीफ स्प्रिंग, एकावर एक रचलेल्या वाकवलेल्या पोलादी पट्ट्या. आपल्या बैलगाडीला तेही नव्हतं. तिथे सगळा तोल माल भरणाऱ्याच्या हातात. मागे जास्त भरलं तर गाडी उलार व्हायची, जू वर उचललं जायचं. तोल म्हणजे वजन कुठे ठेवलंय याचा हिशोब, हे आपल्या गाडीवानांना कुठल्याही एमबीएशिवाय कळत होतं.

युरोपात श्रीमंतांच्या बग्ग्या आधी चामड्याच्या पट्ट्यांवर टांगलेल्या असत. अमेरिकेतल्या प्रसिद्ध काँकर्ड घोडागाड्यांनी तर एकोणिसाव्या शतकातही तीच पद्धत ठेवली. १६७८ साली रॉबर्ट हूकने स्प्रिंगचा नियम उघड केला: जेवढा भार, तेवढा ताण. (दोन वर्षं आधी त्याने तो अक्षरांची उलटापालट करून कोड्यासारखा छापला होता, दुसऱ्या कुणी पळवू नये म्हणून. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात आजही असले लोक भेटतात.) पुढे १८०४ साली लंडनच्या ओबडाया इलियटने लंबगोल पाट्यांवर बसवलेल्या बग्गीचं पेटंट घेतलं. तिथून मोटारी, ट्रक आणि एसटीपर्यंत पाटे चालत आले.

पाट्याचं कलणं संथ असतं. पोलाद वर्षानुवर्षं वाकून थकतं, कमान सपाट होत जाते, मालकाच्या लक्षातही येत नाही. एखादी पट्टी तुटली तर मात्र एका दिवसात फरक दिसतो.

आता मोटरहोमकडे येऊ. १९६६ मध्ये आयोवातल्या विनेबागो कंपनीने ही घरं असेंब्ली लाइनवर बनवायला घेतली आणि ती मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. पण हे घर बसायचं ट्रकच्या चासीवर. पुढे बरीच वर्षं खूप मोटरहोमांच्या खाली शेव्हरोलेची पी-३० चासी असायची. ब्रेड नाहीतर पार्सलं पोचवणाऱ्या डब्यासारख्या गाड्यांची हीच चासी. तिला पुढे कॉइल स्प्रिंग असत आणि घराचं जादा वजन पेलायला त्या कॉइलच्या आत हवेच्या छोट्या पिशव्या बसवत. एका बाजूची पिशवी फुटली की गाडी पुढून त्या अंगाला बसते. तुम्ही बघायला गेलात ती गाडी या जातीची असेल, तर पहिला संशय तिथे घ्या.

हवेवर गाडी तोलण्याची कल्पना मात्र मोटरहोमपेक्षा जुनी आहे. १९५४ मध्ये ग्रेहाउंडच्या सीनिक्रूझर बस हवेच्या स्प्रिंगांवर धावू लागल्या आणि तिथे ते जमलं. मग जनरल मोटर्सने १९५७ ची कॅडिलॅक एल्डोराडो ब्रॉम काढली, किंमत १३ हजार डॉलरच्या वर, चारही चाकांवर हवा. १९५८ मध्ये साध्या शेव्हरोलेलाही जादा पैसे देऊन ही सोय मिळू लागली. पण हवा गळायची, झडपांत ओलावा साचायचा आणि सकाळी गॅरेज उघडावं तर नवीकोरी गाडी खाली बसलेली. पुष्कळ मालकांनी तो सगळा संसार काढून साध्या कॉइल स्प्रिंग बसवून घेतल्या. काही वर्षांत कंपनीनेही मोटारींतून हा प्रकार बंद केला. बससाठी डेपो असतो, रोज तपासणारा मेकॅनिक असतो. घरच्या मोटारीला तो कुठला? माझ्या मते फसलं ते इथेच, तंत्रात नाही.

तरीही त्याच कंपनीने १९७३ मध्ये पुन्हा हवेवर पैज लावली, ती जीएमसी मोटरहोममध्ये. मला ही गाडी फार आवडते. २३ आणि २६ फुटांची, पुढच्या चाकांना जोर देणारं ओल्ड्समोबिलचं इंजिन, त्यामुळे खालून मागे जाणारा शाफ्टच नाही आणि जमीन अगदी खाली. मागे दोन्ही बाजूंना एकामागे एक दोन चाकं आणि त्या दोन चाकांच्या दांड्यांमध्ये आडवी ताणलेली एकच हवेची पिशवी. पुढे टॉर्शन बार, म्हणजे पिळ देऊन भार पेलणारी पोलादी कांब. त्याच वर्षी तेलसंकट आलं आणि १९७८ मध्ये उत्पादन थांबलं. तरी त्यातल्या कितीतरी गाड्या मालकांनी आजही रस्त्यावर ठेवल्या आहेत.

या गाडीच्या कलण्यात एक गंमत आहे आणि धोकाही. समजा, मागची उजवी पिशवी हळूहळू गळतेय. गाडी उजवीकडे झुकली. कुणी हुशार माणूस पुढच्या उजव्या टॉर्शन बारचा बोल्ट आवळतो. गाडी सरळ दिसते, मालक खूश. पण चार पायांच्या टेबलाचा एक पाय उंच करून बघा. भार त्या पायावर आणि त्याच्या तिरक्या समोरच्या पायावर जातो. इथेही पुढचं उजवं आणि मागचं डावं टोक जास्त वजन उचलतं. टायरवर छापलेली मर्यादा ओलांडली गेली, तर हायवेवर उन्हात टायर फुटतो आणि आत मुलं बसलेली असतात. आमच्याकडे याला लक्षणावर पॅच मारणं म्हणतात.

म्हणून हात लावण्याआधी मोजा. सपाट काँक्रीटवर उभी करा, पाण्याच्या टाक्या रिकाम्या करा. ६० गॅलन पाणी म्हणजे सुमारे ५०० पौंड आणि टाकी बहुधा एका बाजूला असते. उंची चासीच्या ठरलेल्या बिंदूपासून जमिनीपर्यंत मोजा. पत्र्यापासून नको, पत्रा स्वतःच वाकडा असू शकतो. मग पुढचा भाग बरोबर मधोमध जॅकने उचला. मागचं कलणं नाहीसं झालं तर दोष पुढे आहे, तसंच राहिलं तर मागे. हवेची गाडी असेल तर पिशवी आणि नळ्यांच्या जोडांवर साबणाचं पाणी लावा, गॅस सिलिंडर बदलल्यावर आई लावायची तसंच. बुडबुडे आले की जागा सापडली. पण नुसत्या हवेवर किंवा जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही शिरू नका. हवा एका क्षणात जाते. आधी भक्कम जॅक स्टँड, मगच खाली.

आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर बदलून कलणं जाणार नाही. ते हेलकावे थांबवतात, वजन पेलत नाहीत. तरी गॅरेजचं पहिलं बिल बहुधा त्यांचंच येतं.

१९९० नंतरच्या गाड्यांत आणखी एक भर पडली: भिंतीतून बाहेर सरकणारी खोली, स्लाइड-आउट. न्यूमारने ती आणली आणि सगळ्यांनी उचलली. त्या खोलीत सोफा, कधी फ्रिज, सगळं बहुतेक वेळा ड्रायव्हरच्याच बाजूला. अशा गाडीत स्प्रिंग ठणठणीत असूनही ती कलू शकते. इथे उपाय स्प्रिंगचा नाही, काट्याचा. ट्रकस्टॉपवरच्या नेहमीच्या काट्यावर फक्त एक्सलचं वजन कळतं, डाव्या-उजव्याचं नाही. त्यामुळे प्रत्येक चाक वेगळं तोलून देणारा शोधा, मग सामान हलवा. उलार गाडीचा गाडीवान हेच करायचा.

तेव्हा या वेळी गाडी बघायला जाणार असाल, तर विकणाऱ्याला आदल्या दिवशी फोन करून सांगा: संध्याकाळी गाडी सपाट जागी लावा, इंजिन बंद करा आणि मी येईपर्यंत चालू करू नका. मग सकाळी लवकर पोचा आणि आधी मागच्या बाजूला जाऊन उभे राहा.