स्मृतीचें घर आणि सोलापूरचा उन्हाळा



सोलापूरची चादर जेथें पोंचली नाहीं असें घर महाराष्ट्रांत क्वचितच सांपडेल. परंतु त्या चादरीवरील नक्षी मागाच्या ध्यानांत कशी राहते, हा प्रश्न आपणांपैकीं थोड्यांनींच स्वतःला विचारला असेल. जेकार्ड मागाच्या माथ्यावर भोकें पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांची एक लांब माळ फिरत असते. भोंक असेल तेथें सुई आंत शिरते आणि तिच्याशीं जोडलेला उभा धागा उचलला जातो. भोंक नसेल तेथें धागा खालींच राहतो. विणकर बदलला, सूत बदललें, तरी पत्त्यांची माळ शाबूत असेल तर तीच नक्षी पुन्हां उतरते. फ्रान्समधील लियों शहरीं जोसेफ मारी जेकार्ड यानें १८०४ च्या सुमारास ही युक्ति सिद्धीस नेली. सोलापुरांत कापडाची पहिली गिरणी १८७७ सालीं सुरू झाली. आणि तेलंगणांतून येथें येऊन स्थायिक झालेल्या पद्मशाली विणकरांनीं जेकार्डची नक्षी चादरीवर उतरवून या गांवाचें नांव सर्वदूर नेलें.

आज मला बोलावयाचें आहे तें मात्र चादरीविषयीं नव्हे, तर त्या पत्त्यांच्या एका दूरच्या वंशजाविषयीं. टेबलावरील संगणकांत अलीकडे जी चिमुकली स्मृतिपट्टी बसवितात, जिला सॉलिड स्टेट ड्राइव्ह किंवा थोडक्यांत एसएसडी म्हणतात, ती कशी निवडावी आणि सोलापुरासारख्या गांवीं ती थंड कशी ठेवावी, हा आजचा विषय. या साधनांचा इतिहास पाहूं लागलें कीं एक गोष्ट स्पष्ट दिसते. स्मृति सांठविण्याचें साधन बदललें म्हणजे त्या स्मृतीचा शत्रूहि बदलतो. आणि नव्या शत्रूची ओळख पटेपर्यंत माणूस जुन्याच शत्रूविरुद्ध पहारा करीत राहतो.

पुठ्ठ्याच्या पत्त्याचा शत्रू ओल. अमेरिकेंत हर्मन हॉलेरिथ यानें भोकें पाडलेल्या पत्त्यांवर १८९० च्या जनगणनेची मोजदाद केली, तेव्हां पत्ता मागावरून कचेरींत आला. परंतु त्याचा शत्रू तोच राहिला. पुढें १९५६ सालीं आयबीएम कंपनीनें रामॅक नांवाचें यंत्र बाजारांत आणलें. त्यांत २४ इंच व्यासाच्या ५० चुंबकीय चकत्या एका आंसाभोंवतीं फिरत, आणि एवढ्या अवाढव्य पसाऱ्यांत सुमारें ५० लाख अक्षरें मावत. हार्ड डिस्क या कुळांतील. वेगानें फिरणाऱ्या चकतीवर वाचणारें टोंक केसाहूनहि कमी अंतरावर तरंगत असतें. म्हणून तिचा शत्रू धक्का.

जपानांतील तोशिबा कंपनीचे फुजिओ मासुओका यांनीं १९८४ सालीं फ्लॅश स्मृतीची कल्पना मांडली, आणि आज सर्वत्र वापरला जाणारा तिचा नॅंड हा प्रकार १९८७ सालीं प्रसिद्ध केला. तींत कांहींच फिरत नाहीं. सूक्ष्म कप्प्यांत विद्युत्कण कोंडून ठेवावयाचे. कोंडलेला भार किती, यावरून मजकूर ओळखावयाचा. प्रारंभीं एका कप्प्यांत एकच खूण ठेवीत. आज टीएलसी प्रकारांत तीन, तर क्यूएलसी प्रकारांत चार खुणा ठेवतात. म्हणजे भाराच्या अनुक्रमें ८ व १६ पायऱ्या ओळखाव्या लागतात. पायऱ्या जितक्या जवळ, तितका मजकूर स्वस्त आणि तितकाच नाजूक.

२०१३ च्या सुमारास या स्मृतीला एम.२ नांवाचा आटोपशीर आकार मिळाला. तिचा सर्वपरिचित नमुना २२ मिलिमीटर रुंद व ८० मिलिमीटर लांब. जवळजवळ च्युइंगगमच्या वडीएवढा. जुन्या साटा जोडणीनें सेकंदाला सुमारें ५५० मेगाबाइट मजकूर जाई. एनव्हीएमई पद्धतीनें, पीसीआय एक्सप्रेसच्या तिसऱ्या पिढींत हा वेग ३५०० पर्यंत, चौथींत ७००० पर्यंत आणि पांचवींत १४००० च्या आसपास गेला. परंतु पट्टीचें क्षेत्रफळ तेंच राहिलें. तिसऱ्या पिढीची पट्टी भर कामांत सहसा ५-६ वॅट वीज घेते. पांचव्या पिढीची कांहीं वेळां १० वॅटच्या पुढें जाते. ही सारी वीज अखेर उष्णतेंत बदलते, आणि तिचा मोठा वांटा नियंत्रक चिपच्या नखाएवढ्या जागेंत उमटतो. येथें नवा शत्रू उभा राहिला.

आतां गणित पाहा. एखादी पट्टी भर कामांत भोंवतालच्या हवेपेक्षां ३५ अंश अधिक तापते असें धरूं. २५ अंशांच्या खोलींत ती ६० वर थांबेल. सोलापुरांत मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो. पेटीच्या आंत ४५ अंश असले तर तीच पट्टी ८० वर जाईल. अशा वेळीं नियंत्रक स्वतःच्या रक्षणासाठीं वेग उतरवितो. पट्टी जळत नाहीं; परंतु ज्या वेगासाठीं आपण जादा दाम मोजले, तोच नेमका हातीं लागत नाहीं.

यावरून निवडीचा पहिला नियम निघतो: वेग गरजेपुरता घ्यावा. पत्रव्यवहार, हिशेब, छायाचित्रें आणि मुलांचा अभ्यास एवढेंच काम असेल तर तिसऱ्या किंवा चौथ्या पिढीची टीएलसी पट्टी पुरेशी आहे. पांचवीचा फरक घरच्या कामांत फारसा जाणवणार नाहीं. दुसरा नियम असा कीं, आपला मदरबोर्ड काय स्वीकारतो हें आधीं त्याच्या पुस्तिकेंत पाहावें. एम.२ हें आकाराचें नांव आहे. त्याच आकारांत साटाची पट्टी येते आणि एनव्हीएमईचीहि. तिसरा नियम, लेखनाची हमी पाहावी. १ टेराबाइटच्या चांगल्या टीएलसी पट्टीस बहुधा ६०० टेराबाइट लेखनाची हमी असते. क्यूएलसीची त्याहून कमी असते.

थंडाव्याचे उपाय साधे आहेत. मदरबोर्डाबरोबर अॅल्युमिनियमचें आच्छादन आलें असेल तर तेंच वापरावें. त्याच्या आंतील मऊ गादीवरचा पारदर्शक पापुद्रा काढण्यास मात्र विसरूं नये, कारण तो राहिला तर उष्णता आच्छादनापर्यंत नीट पोंचत नाहीं. पट्टीवरील लेबल खरवडूं नये. हमी जाण्याचा संभव असतो. ग्राफिक्स कार्डाच्या खालची खांच टाळतां आली तर टाळावी. आच्छादन उष्णता नष्ट करीत नाहीं, केवळ पसरवितें; ती वाहून नेण्यास हवाच लागते. म्हणून पेटी बंद कपाटांत कोंडूं नये, पुढून हवा घेणारा व मागून सोडणारा असे दोन पंखे असावेत, आणि जाळीवरील धूळ वरचेवर झाडावी. घरांतील कूलरचा ओला झोत मात्र थेट पेटीवर सोडूं नये. पट्टीच्या पोटांत स्वतःचा तापमापक असतो. वैशाखांतील एखाद्या दुपारीं मोठी नक्कल चालू असतां त्याचा आंकडा वाचावा. तो सत्तरीच्या आंत राहिला तर अधिक खर्चाचें कारण नाहीं.

शेवटची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. चकतीच्या संवयीनें आपण जुनी पट्टी कपाटांत ठेवून निर्धास्त होतों. कोंडलेले विद्युत्कण हळूहळू निसटतात, आणि उन्हाळा त्यांस घाई करतो. घरगुती पट्ट्यांसाठीं ठरलेलें मान असें कीं, लेखनाची मर्यादा पुरी संपलेल्या पट्टीनें विजेवांचून ३० अंशांवर १ वर्ष मजकूर राखावा. नवी पट्टी याहून पुष्कळ अधिक टिकते. परंतु सोलापूरच्या माळ्यावरील कपाट ३० अंशांवर थांबत नाहीं. म्हणून लग्नाचीं छायाचित्रें असोत वा नक्षीचे आराखडे, त्यांची दुसरी नक्कल वेगळ्या जातीच्या साधनावर, हार्ड डिस्कवर, ठेवावी. एकाला उष्णतेचें भय, दुसऱ्याला धक्क्याचें. दोन्ही शत्रू एकाच दिवशीं दारांत येण्याचा संभव थोडा.

पत्त्यांची माळ ओलीपासून जपणाऱ्या विणकराला नक्षीची किंमत ठाऊक होती. आपलीहि नक्षी आतां त्या बोटाएवढ्या पट्टीवर आहे. तिला थोडी हवा आणि एक जोडीदार देणें, एवढेंच आपलें काम.